हरणाची चरबी, बोकडाची वजडी

जुन्नर-आंबेगावात रानातल्या हरणाची चरबी आणि पोटातलं कसं शिजवायचं, या प्रश्नाचं आजचं उत्तर एका ओळीत देता येतं: शिजवायचं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा कायदा या बाबतीत कोणतीही फट ठेवत नाही. त्यातली मांसाची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. रक्त, हाडं, स्नायुबंध, चरबी, कातडीसह किंवा कातडीविना मांस हे सगळं तिच्यात येतं, आणि ते कच्चं असो वा शिजवलेलं असो. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त मांडी नव्हती, चुलीवरचं पातेलंही होतं. ताब्यात सापडलेला माल बेकायदाच आहे असं गृहीत धरलं जातं, आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर येते. रश्श्यात उकळलेल्या तुकड्यातूनही डीएनए मिळतो आणि प्रयोगशाळा प्राणी कोणता ते सांगू शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत गेला. शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं आणि त्याचा मोठा भाग आंबेगाव तालुक्यात आहे. तिथलं सांबर, भेकर आणि ती सशाएवढी पिसोरी या सगळ्यांना हे संरक्षण आहे.

तरीही हा विषय एवढ्यावर संपत नाही. जनावर मारलं तर त्यातलं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही, ही समज या भागात कायद्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. हरीण ताटातून गेलं, ते जायलाच हवं होतं. पण त्याच्याबरोबर पोटातलं शिजवण्याची विद्याही जाऊ लागली आहे, आणि ती जाण्याचं काहीच कारण नाही. या लेखात दोन्ही गोष्टींचा हिशेब मांडायचा आहे.

घोडनदी भीमाशंकर-आहुपे परिसरातल्या सह्याद्रीत उगम पावते, डिंभ्याच्या धरणात अडते, घोडेगावावरून पुढे शिरूरकडे जाते. जुन्नरची कुकडीही पुढे तिलाच मिळते. याच घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची अनेक वर्षं तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नावांशी ते काम जोडलेलं आहे. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं ते शेतकऱ्यांचं गाव होतं. तिथल्या हाडांच्या ढिगात गाईबैल, शेळ्यामेंढ्या आहेत, आणि हरणंही आहेत. हाडांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत. लांब हाडं आतली मज्जा काढण्यासाठी फोडलेली आहेत. शेवटच्या टप्प्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी १००० नंतर, हवामान कोरडं होत गेलं, शेती मागे पडली आणि लोकांचा भार पशुपालनावर आणि शिकारीवर वाढला असा ढवळीकरांचा निष्कर्ष होता. मला या निष्कर्षापेक्षा ती फोडलेली हाडं जास्त महत्त्वाची वाटतात. नळीतली चमचाभर चरबी मिळवण्यासाठी दगडाने हाड फोडणारा माणूस कलेजी टाकून देत नव्हता, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

त्यानंतर दोन हजार वर्षांनी राजवाड्यातली बाजू दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात शिकारीवरही प्रकरण आहे आणि अन्नावरही. आतड्यांत सारण भरून निखाऱ्यावर भाजणं, कलेजीचे सुपारीएवढे तुकडे भाजून दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात घालणं, रक्त वापरून काळसर रंगाचा पदार्थ करणं, असे प्रकार त्यात आहेत. राजाच्या ताटात पोटातलं होतं आणि ते मानाचं होतं. आज ‘ते आपलं खाणं नव्हे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

वैद्यांनी तर चरबीला आणि मज्जेला औषधाचंच स्थान दिलं. तूप, तेल, वसा आणि मज्जा हे आयुर्वेदाचे चार स्नेह. हरणाचं मांस त्यांनी कोरड्या माळरानावरच्या जनावरांच्या, म्हणजे जांगल, वर्गात घातलं आणि पचायला हलकं ठरवलं. सुश्रुताने रातांधळेपणावर बोकडाचं यकृत सांगितलं आहे. यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा असतो हे आज शाळेतल्या पुस्तकातही असतं, पण तेव्हा ते नुसत्या निरीक्षणातून हाती आलं होतं. हरणाची मराठी घरात सर्वांत उशिरापर्यंत टिकलेली वस्तूही औषधाचीच होती. आजीच्या डब्यातला सांबरशिंगाचा तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि लेप कोमट करून पोराच्या छातीला लावायचा. पुण्यापासून आहुप्यापर्यंत पन्नाशीपुढच्या पुष्कळांना तो लेप आठवत असेल. गळून पडलेल्या शिंगांचाही व्यापार आता बेकायदा आहे, आणि छाती भरलेल्या मुलाला लेपाची नव्हे, डॉक्टरची गरज असते.

आता हरणाच्या चरबीकडे येऊ. रानातलं हरीण मुळात सडसडीत असतं. पाळलेल्या बोकडासारखी चरबी त्याच्या मांसात मुरलेली नसते. ती असते मूत्रपिंडाभोवती, आतड्यांच्या पडद्यावर आणि चाऱ्याच्या चांगल्या दिवसांत पाठीवर. माजाच्या हंगामात नर तीही गमावतो. शिवाय ही चरबी जातीचीच कडक. तिच्यात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त असल्याने ती माणसाच्या अंगाच्या उष्णतेपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला वितळते. म्हणून गरम रस्सा तोंडात असेपर्यंत ठीक, पण जेवण रेंगाळलं की टाळूला मेणासारखा थर बसतो. जिथे हरीण कायद्याने खाता येतं, तिथले जाणते स्वयंपाकी म्हणूनच मांसावरची चरबी काढून टाकतात आणि मूत्रपिंडाभोवतीची तेवढी कढवून वापरतात. कलेजी आणि काळीज त्याच दिवशी खायचं, हा स्कॉटलंडच्या डोंगरातल्या शिकाऱ्यांचा शिरस्ता आहे. जर्मनीत जो जनावराचं पोट फाडून साफ करतो, त्याचा काळीज, कलेजी आणि मूत्रपिंडांवर हक्क मानतात, आणि तो शिकाऱ्यांच्या रिवाजात नोंदलेला आहे. उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअरची मज्जा आणि रक्त दोन्ही वापरतात.

या देशांचे दाखले देऊन ‘मग आपल्याकडेच बंदी का’ असं विचारणारे भेटतात. त्यांना उत्तर सोपं आहे. स्कॉटलंडमध्ये लांडगा उरला नाही आणि हरणं इतकी वाढली की नवी झाडं उभी राहीनात. न्यूझीलंडमध्ये हरीण हा बाहेरून आणलेला प्राणी आहे. एकोणिसाव्या शतकात सोडला, तो उपद्रवी झाला आणि पुढे त्याची शेती सुरू झाली. आपल्याकडे भीमाशंकर अभयारण्य जेमतेम १३० चौरस किलोमीटरचं, तेही पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत विभागलेलं. त्यात हरणावर जगणारा बिबट्या अजून आहे. तिथे बंदुकीला जागा नाही. अमेरिकेत तर हरणाच्या पोटातल्याबाबतच सावधगिरी सांगतात. तिथल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग साठच्या दशकात कोलोरॅडोत प्रथम दिसला आणि मग पसरला. त्या भागात मेंदू, पाठीचा कणा, डोळे आणि प्लीहा खाऊ नका असा सल्ला दिला जातो.

आपल्या डोंगरातली शिकार कोण करत होतं आणि कोणाच्या वाट्याला काय येत होतं, हा भाग इतिहासात फार थोडा लिहिला गेला आहे. शिमग्याच्या सुमाराची पारध, हाका घालून जनावर उठवणं, मग सगळ्यांत वाटणी, ही सह्याद्रीच्या गावांतली जुनी रीत. साहेबाच्या आणि सरदाराच्या शिकारीत शिंगं आणि कातडं दिवाणखान्यात जाई, आणि हाका घालणाऱ्यांच्या हाती उरलेलं येई. मैदानातल्या काळविटावर आणि चिंकाऱ्यावर फासेपारध्यांचं पोट होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने सुरू केलेल्या ‘गुन्हेगार जमाती’च्या यादीत त्यांना घातलं, १९५२ साली ते त्यातून मोकळे झाले आणि वीस वर्षांनी शिकारही बंद झाली. बंदी योग्यच होती. पण ज्यांचं पोट त्यावर होतं, त्यांना दुसरं काय देणार हे ठरवल्याशिवाय ती आली. तो हिशेब अजून पुरा झालेला नाही. फास लावणाऱ्या एखाद्याला पकडल्याची बातमी वाचताना मला हे विसरता येत नाही.

हरणाची जागा बोकडाने घेतली आणि वाटणीची रीत तशीच राहिली. वाट्याचं मटण आमच्या भागात अजून चालतं. पाच-सात घरं मिळून बोकड घेतात. सोलून झाल्यावर पळसाच्या पानांवर, हल्ली बहुतेक वेळा प्लास्टिकच्या कागदावर, ढीग मांडतात. प्रत्येक ढिगात मांडीचा तुकडा, बरगडी, मानेचं हाड, कलेजीचा एक काप, वजडीचा, म्हणजे जठराचा, पट्टा आणि चरबीचा एक लपका. एका ढिगात कलेजी जास्त पडली तर लगेच कोणीतरी बोट दाखवतं. वाद नको म्हणून एखाद्या पोराला पाठ करून उभं करायचं आणि ढिगावर हात ठेवून विचारायचं, ‘हा वाटा कोणाचा?’ पोरगं नाव घेईल त्याचा. या मांडणीत कलेजी आणि वजडी हे ‘उरलेलं’ नसतं. त्यांच्याशिवाय वाटा पुरा होत नाही. दुकानातल्या मटणाने नेमकी हीच जाणीव घालवली. किलोच्या भावात बिनचरबीची मांडी मागणाऱ्याला बाकीच्या जनावराचं काय होतं ते दिसतच नाही.

वजडी कशी साफ करतात हे ज्याने एकदा नीट पाहिलं, त्याची तिच्याबद्दलची किळस जाते. पोट चिरून आतला चारा झाडायचा आणि वाहत्या पाण्यात धुवायचं. मग हाताला जेमतेम सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी घ्यायचं. उकळतं पाणी घेतलं की वरची काळी साल घट्ट बसते आणि निघता निघत नाही, इथेच नवखे चुकतात. पाण्यात चिमूटभर खायचा चुना टाकतात. वजडी त्यात बुडवून काढली की सुरीच्या बोथट बाजूने साल गुंडाळत येते आणि खालची पांढुरकी जाळी दिसते. मग मीठ, हळद आणि मूठभर बाजरीचं पीठ लावून चोळायची, पुन्हा धुवायची. आतडी उलटी करून तशीच. पहिल्या उकळीचं पाणी ओतून द्यायचं. दुसऱ्या पाण्यात आलं, लसूण, हळद घालून मऊ होईपर्यंत शिजवायची, त्याला वेळ लागतो, आणि कुकरला मांसापेक्षा जास्त शिट्ट्या. मग कढईत तेल नाही, चरबी. चरबीचे बारीक तुकडे मंद आचेवर ठेवले की ते वितळतात, कुरकुरीत कण वर येतात, ते पोरांच्या हातावर जातात. त्या चरबीत कांदा लाल करायचा, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, वजडी, आणि हवी तर आधी भिजवलेली हरभऱ्याची डाळ. डाळ वजडीचा रस पिते, आणि एका बोकडाच्या वजडीत दहा माणसं जेवतात. सोबत बाजरीची भाकरी. घाटमाथ्याच्या बाजूला भात.

बाकीचं पटकन सांगता येतं. कलेजी थोडाच वेळ, मोठ्या आचेवर, आणि मीठ शेवटी. जास्त शिजली की ती रबरासारखी होते आणि मग तिच्यावर दोष येतो. रक्ती करायची तर रक्त धरतानाच मीठ घालायचं, थिजलं की उकडायचं, कुस्करून कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीत परतायचं. मुंडी जाळून खरवडायची. पाये रात्रभर मंद चुलीवर. फुप्फुस फार जणांना आवडत नाही, मलाही नाही.

या खाण्याला चिकटलेली लाज जातीतून आली, चवीतून नाही. ज्यांना मांडी परवडत नव्हती किंवा मिळूच दिली जात नव्हती, त्यांच्या चुलीवर वजडी, रक्ती आणि वाळवलेल्या मांसाच्या चान्या शिजत राहिल्या, आणि मग ते पदार्थच त्या लोकांसारखे कमी दर्जाचे ठरवले गेले. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची ही बाजू समोर आणतं. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातही जातीच्या आणि अन्नाच्या आठवणींवर काम झालं. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी, ठाकर, धनगर आणि दलित घरांतल्या पाकपद्धती अशा कोणी लिहून काढलेल्या मला दिसत नाहीत. आमच्या तालुक्यांची मासवडी सगळ्या महाराष्ट्रात पोचली, जत्रेच्या दिवशी त्याच घरांत होणारी वजडी गावाबाहेर गेली नाही. हे काम कोणीतरी करायला हवं, आणि ज्या बायकांच्या हातात ते आहे त्या थकत चालल्या आहेत.

आरोग्याच्या दृष्टीने पाहिलं तर वजडी-कलेजीची बाजू भक्कम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कलेजीतलं लोह शरीर सहज घेतं, शिवाय बी-१२ आणि फॉलिक आम्ल आहेच. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गरोदर बाईने कलेजी वरचेवर खाऊ नये, कारण अ जीवनसत्त्व फार झालं तर बाळाला अपाय होतो. ज्यांना गाऊट आहे, त्यांनी यकृत-मूत्रपिंडांपासून लांब राहावं. आणि जनावर कापताना कलेजीवर पाण्याने भरलेले पांढुरके फोड दिसले, तर तो भाग शिजवायचाही नाही आणि कुत्र्याला टाकायचाही नाही. तो हायडॅटिड कृमीचा फोड असू शकतो. कुत्र्याने तो खाल्ला की कृमी कुत्र्यात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर येतात, तिथून मेंढीच्या पोटात आणि माणसाच्या हातावरून माणसाच्याही पोटात. मेंढ्या, कुत्री आणि माणसं एकत्र फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांना हे कळणं सगळ्यांत गरजेचं आहे. असा भाग जाळावा किंवा खोल पुरावा.

कुत्र्यांचा विषय निघाला की जुन्नरमध्ये बिबट्या येतोच. मला या सगळ्या प्रश्नातला सर्वांत तातडीचा भाग तोच वाटतो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. धरणं आली, ऊस आला, आणि बिबट्याची मादी उसात पिल्लं घालू लागली. २००१ ते २००३ या काळात माणसांवरचे हल्ले वाढले, बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवलं की या सोडण्यानेच नव्या जागी हल्ले वाढत होते. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्याच दिवसांतलं. जुन्नरला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात त्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारातला जवळजवळ ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. रानातलं हरीण त्याच्या ताटातूनही गेलं आहे.

आता मटण आणि चिकनच्या दुकानांमागे, ओढ्याकाठी, गावाच्या वेशीवर टाकलेली आतडी, फुप्फुसं आणि पिसं आठवा. त्यावर कुत्र्यांचे कळप पोसले जातात. कुत्र्यांमागे बिबट्या येतो, तो उसातून वस्तीत येतो, आणि पहाटे परसात बसलेली म्हातारी किंवा अंगणातलं पोर त्याच्या वाटेत येतं. प्रत्येक हल्ल्याला हेच कारण असतं असं मी म्हणत नाही. ऊस आहे, उघड्यावर शौचाला जाण्याची सवय आहे, शेतात राहणाऱ्यांची उघडी घरं आहेत. पण या साखळीतला हा एक दुवा तोडणं आपल्या हातात आहे आणि त्याला पिंजरा लागत नाही. पूर्वी वजडी साफ करून शिजत होती, तेव्हा टाकायला फारच थोडं उरत होतं. आज वजडी धुणारे हात कमी झाले आणि टाकून द्यायचा ढीग वाढला.

डोंगरातले लोक वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात, त्याचा हिस्सा त्याला देतात आणि गुरं त्याच्याकडे सोपवतात. त्याचं जेवण त्याला रानातच मिळालं पाहिजे, ही समज त्या नैवेद्यात आहे असं मला वाटतं. भेकर आणि सांबर वाचवणं म्हणूनच फक्त अभयारण्याचं काम नाही.

जुन्नर-आंबेगावच्या ग्रामपंचायतींना आणि नगरपंचायतींना विनंती आहे: बाजाराच्या गावी, मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा इथल्या मटण-चिकनच्या दुकानांतला टाकाऊ माल रोज उचलून खड्ड्यात पुरण्याची व्यवस्था करा, आणि जत्रेच्या दिवशी तर त्यासाठी माणूस नेमा. खाटिकदादांना विनंती, वजडी साफ करून द्या, त्याचे चार पैसे जास्त घ्या. गिऱ्हाईक देईल. आणि घेणाऱ्यांना विनंती, रविवारी अर्धा किलो मांडीबरोबर एक वजडी आणि मूठभर चरबी मागा. कोणी रानातलं मटण आहे म्हणून आडून देऊ केलं, तर घेऊ नका, आणि फास, सापळा किंवा जखमी जनावर दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.